पर्सेंटाइल, ऑप्शन फॉर्म आणि आजोबांच्या शाळेचा उतारा: बारावीनंतरचं कॅप राउंड प्रकरण

सीईटीचा, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला त्या दिवशी भाची मोबाईल घेऊन घरी आली, स्क्रीनवर ९१ आणि पॉइंटच्या पुढं सात आकडे. मागनं भाऊजी. म्हणाले, एक्क्याण्णव टक्के पडले की, आता पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज पक्कं, पेढे सांगून येऊ का? मी म्हणलं भाऊजी, पाच मिनिटं बसा, चहा घ्या, मग पेढ्यांचं बघू. तर त्या पाच मिनिटांचे पुढं दोन महिने झाले, आणि तेवढ्यात मला जे कळलं ते इथं लिहून ठेवतोय, कारण दरवर्षी गल्लीतली चार पोरं तेच प्रश्न घेऊन येतात आणि दरवर्षी मी तेच तोंडानं सांगत बसतो. हे इंजिनिअरिंगचं आहे बरं का, मेडिकलचं नीटवालं गणित वेगळं.

आधी ते पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटी एका दिवसात होत नाही, बऱ्याच दिवसांत सकाळ-दुपार अशा सेशनमध्ये होते आणि प्रत्येक सेशनचा पेपर वेगळा असतो. एखाद्याला सोपा येतो, एखाद्याला अवघड, मग नुसते मार्क कसे तुलना करणार? म्हणून तुमच्या सेशनला बसलेल्यांपैकी शंभरातले किती जण तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्कांवर आहेत तो आकडा काढतात. समजा एका सेशनला १०,००० पोरं होती आणि तुमचे ९१ आले, तर ९,१०० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागं आणि ९०० पुढं. आता राज्यभरात समजा ३ लाख पोरांनी परीक्षा दिली, तर तुमच्या पुढं साधारण २७,००० पोरं उभी आहेत. हे भाऊजींना सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. पण उलटंही खरं आहे. पेपर २०० मार्कांचा असतो, मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, फिजिक्स केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक मार्काचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि त्यात निम्म्याच्या आसपास मार्क पडले तरी पर्सेंटाइल नव्वदीत जाऊ शकतं. त्यामुळं ९१ म्हणजे वाईट पण नाही. मिठाई नको, पण तोंड पाडून बसायचं पण कारण नाही.

बारावीच्या मार्कांचं काय? तर पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये, ओपनला ४५ टक्के आणि रिझर्व्ह कॅटेगरीला ४० टक्के पाहिजेत, एवढाच त्यांचा उंबरठा. तो ओलांडला की पुढची मेरिट सीईटीवर. म्हणून बारावीला ८८ पडले आणि सीईटी ६० आली अशा पोरांच्या आया दरवर्षी चक्रावतात.

पर्सेंटाइलनंतर येतो मेरिट नंबर. आधी कॅपचं, म्हणजे राज्यभराच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेचं, ऑनलाइन रजिस्ट्रेशन करायचं, कागद अपलोड करायचे, त्यांची तपासणी होते, घरबसल्या ई-स्क्रुटिनी किंवा जवळच्या केंद्रावर जाऊन, मग तात्पुरती मेरिट लिस्ट लागते, चूक असेल तर तक्रारीला दोनतीन दिवस मिळतात, मग फायनल लिस्ट. ही तात्पुरती लिस्ट लागली की बहुतेक जण फक्त नंबर बघून बंद करतात. असं करू नका. तुमच्या नावापुढं कॅटेगरी बरोबर लागलीय का, मुलगी असेल तर तसं लिहिलंय का, होम युनिव्हर्सिटी (ती काय ते पुढं सांगतो) कुठली दाखवतंय, हे एकेक बोट ठेवून वाचायचं. तक्रारीचे दिवस संपले की मग कुणी ऐकत नाही.

आता खरी गंमत, ऑप्शन फॉर्म. यात तुम्ही कॉलेज आणि ब्रँच अशी जोडी क्रमानं भरायची, ३०० पर्यंत भरता येते. इथं जेवढा गोंधळ होतो तेवढा कुठंच होत नाही आणि त्याचं कारण म्हणजे सीट कशी वाटतात तेच बहुतेकांना माहीत नसतं.

सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे आपल्या सोलापूरच्या जत्रेत, भेळेच्या गाडीवर लाइन लागलीय असं समजा. लाइनचा क्रम म्हणजे मेरिट नंबर. पहिला पोरगा पुढं येतो, त्याच्या हातात चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर त्याच्या आवडीचा क्रम आहे. गाडीवाला चिठ्ठीतलं पहिलं बघतो, शिल्लक आहे का? आहे, देऊन टाकतो. नसेल तर दुसरं बघतो, मग तिसरं. त्याचं झालं की लाइनीतला पुढचा. कॉम्प्युटर तेच करतो, फक्त कॅटेगरीची वेगवेगळी पातेली असतात एवढंच. यात दोन गोष्टी नीट बघा. एक, तुमचा नंबर येईपर्यंत तुमच्या चिठ्ठीकडं कुणी बघतच नाही. दोन, चिठ्ठीत वर लिहिलेलं मिळालं नाही म्हणून खालचं मिळायचा चान्स कमी होत नाही. म्हणजे न मिळणारं कॉलेज वर टाकलं तर पहिला नंबर वाया जातो असं जे सांगतात ना, ते चूक. काही वाया जात नाही. तुमच्यापेक्षा कमी मेरिटच्या पोरानं ते कॉलेज एक नंबरला टाकलं आणि तुम्ही चाळीस नंबरला टाकलं तरी आधी तुमचाच विचार होणार, तुमचे वरचे एकोणचाळीस हुकले तर.

कटऑफ पण तसाच. कुणी कॉलेजवाला बसून कटऑफ ठरवत नाही. शेवटची भेळ ज्याला मिळाली त्याचा नंबर म्हणजे कटऑफ, तो वाटप झाल्यावर कळतो. मागच्या वर्षीचा कटऑफ अंदाजाला ठीक, पण तेवढ्यावर क्रम ठरवायचा नाही.

भाचीनं पहिला कागद लिहून आणला तो मी अजून जपून ठेवलाय. एक नंबरला एक पुण्यातलं मधलं कॉलेज. का गं? तर म्हणे मामा, हे मिळंल असं वाटालंय. आणि मनातनं कुठलं पाहिजे? तर सोलापूरचंच वालचंद, कॉम्प्युटर. मग ते वर का नाही? तर म्हणे ते मिळणारच नाही की. बघा, ही चूक नव्वद टक्के पोरं करतात, आवडीचा क्रम लावायच्या जागी अंदाजाचा क्रम लावतात. मी म्हणलं ते वर घे. आणि वर घेताना तिनं ड्रॉपडाऊनमधनं वालचंद निवडलं ते सांगलीचं! सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, दोन वेगळी कॉलेजं, आपण सगळे नुसतं वालचंद म्हणतो. नावावर जाऊ नका, प्रत्येक ऑप्शनचा लांबलचक चॉइस कोड असतो तो कागदावर लिहून मग स्क्रीनशी जुळवायचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं, दुकानात माल टॅली करतात तसं.

आता या सोप्या नियमाला एक गाठ आहे, तिचं नाव ऑटो फ्रीझ. २०२५ मध्ये फेऱ्या तीनच्या चार केल्या आणि नियम असा आला की पहिल्या फेरीत एक नंबरचा ऑप्शन मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथ्यात जे मिळेल ते शेवटचं. म्हणजे काय झालं, की पहिल्या फेरीत जर तुम्ही सेफ म्हणून एखादं बरंसं कॉलेज एक नंबरला टाकलं आणि ते मिळालं, तर झालं, दार बंद. नको म्हणून फी भरली नाही तर कॅपच्या पुढच्या फेऱ्यांतनं तुम्ही बाहेर. म्हणून एक नंबरला तेच टाका जे मिळाल्यावर घरात पेढे येतील. दुसऱ्या फेरीत पहिली तीनही अशीच पाहिजेत की कुठलंही मिळालं तरी रडायला येणार नाही. वरचे सहा ऑप्शन ठरवायला दोन संध्याकाळी द्या, बाकीचे तासाभरात भरून होतात. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या साइटवरनं उतरवून ऑटो फ्रीझचं पान स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर आलेलं नको.

वरच्या नंबरांच्या खालचं काही मिळालं तर दोन रस्ते असतात. आवडलं असेल तर स्वतःहून फ्रीझ करायचं, म्हणजे हीच सीट पक्की. नाहीतर बेटरमेंट घ्यायचं, म्हणजे ही सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचं मागायचं. दोन्हीला सीट अॅक्सेप्टन्सचे १,००० रुपये ऑनलाइन भरावे लागतात. बेटरमेंटमध्ये वरचं मिळालं की आधीची सीट आपोआप सुटते, दोन्ही राहत नाहीत. म्हणून जे कॉलेज हातातल्यापेक्षा खरोखर बरं वाटतंय तेच वर ठेवायचं. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं हातात मेकॅनिकल असताना वर उगाच एक लांबचं कॉलेज राहू दिलं होतं, तेच लागलं, आणि आता रोज आईला फोन करून डब्याची आठवण काढतो.

होम युनिव्हर्सिटी हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं. कटऑफच्या यादीत GOPENH असले कोड इंग्रजी अक्षरांत दिसतात, म्हणजे जी, मग ओपन, मग एच. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल असेल तर मुलींच्या ३० टक्के जागा. मधे कॅटेगरी. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यभराची एकच यादी. साध्या प्रायव्हेट कॉलेजात ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. आता आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली फक्त एका जिल्ह्यासाठी झालं. म्हणजे बार्शी, पंढरपूर, करमाळा, अक्कलकोट सगळे आपले, पण तुळजापूर, जिथं आपण सकाळी जाऊन दर्शन घेऊन जेवायला घरी येतो, ते दुसऱ्या विद्यापीठात. भाऊजी पुण्याच्या कॉलेजचा कटऑफ एचच्या रांगेत बघत होते. तो पुण्या-नगर-नाशिकवाल्यांचा. आपल्याला ओची रांग बघायची, आणि जागा कमी म्हणून चांगल्या ब्रँचला ती बऱ्याचदा वर असते. सीओईपी, व्हीजेटीआय असल्या ठिकाणी एस असतं, तिथं सगळे सारखे.

आणि होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठल्या जिल्ह्यातनं पास झालात त्यावर. हे दहावीच्या सुट्टीतच डोक्यात ठेवायचं. लातूरला जाऊन तिथल्या कॉलेजमधनं बारावी केली तर सोलापूर तुमचं होम राहत नाही, नांदेडचं विद्यापीठ होतं, मग घर भले जुळे सोलापूरला असू दे. आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडची काही पोरं कर्नाटकात विजयपूर, कलबुर्गीला पीयूसी, म्हणजे तिकडची अकरावी-बारावी, करतात, त्यांनी तर डोमिसाइल, म्हणजे महाराष्ट्रातल्या रहिवासाचा दाखला, आधीच काढून ठेवलेलं बरं, स्वतःचं नसेल तर आईवडिलांचं तरी.

आता कागद. हे मी मुद्दाम शेवटाकडं ठेवलंय, पण करायचं सगळ्यात आधी, अकरावीत.

माझ्या हातनं झालेली चूक सांगतो. भाचीचं नॉन क्रिमी लेयर, म्हणजे घर क्रिमी लेयरमध्ये येत नसल्याचा दाखला, होतं, दहावीला काढलेलं, तीन वर्षांचं. मी लांबनं बघितलं, आहे म्हणलं, फाइलला लावलं. जूनच्या मध्यावर एका नेट कॅफेत अपलोड करताना त्यानं मुदत वाचली, तर ती त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली. कॅपला ज्या वर्षी अॅडमिशन त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. मग सेतूच्या, म्हणजे सरकारी दाखले काढायच्या केंद्राच्या, लाइनीत ४० डिग्रीत उभं राहणं, तहसीलचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र नवीन, आणि वर एका एजंटानं उद्या देतो म्हणत सहा दिवस फिरवलं. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. ताई त्या आठवड्यात माझ्याशी बोलत नव्हती. तेव्हा मुदतीची तारीख आत्ताच उठून बघा. एससी, एसटीला हे नॉन क्रिमी लेयर लागत नाही, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एनटी (भटक्या जमाती), एसईबीसीला (मराठा आरक्षण) लागतं.

त्याच्याहून अवघड ते जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी. दाखला प्रांत ऑफिसमधनं मिळतो, व्हॅलिडिटी जिल्ह्याची पडताळणी समिती देते, आणि त्यासाठी सायन्सला असतानाच कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीनं अर्ज करता येतो. समिती विचारते की ठराविक तारखेच्या आधी तुमचं घराणं इथलंच आणि याच जातीचं होतं याचा लेखी पुरावा दाखवा. ती तारीख एससीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी एसबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर मोठा आधार मिळतो, म्हणून आधी सगळ्या काका-चुलत्यांना फोन फिरवा, भांडण असलं तरी.

आमच्या शेजारचा पोरगा पद्मशाली, म्हणजे एसबीसी. सोलापुरात हे घर चार पिढ्या, हातमागावर सुरुवात, नंतर पॉवरलूम, पण मूळ तेलंगणातलं. त्याच्या वडिलांकडं स्वतःचा शाळेचा दाखला होता, तो १९७० नंतरचा, उपयोग नाही. आजोबांचा पाहिजे. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले, कुठल्या शाळेत तर म्हणे पेठेतल्या तेलुगू शाळेत, ती शाळा आता दुसऱ्या इमारतीत. तिथं जनरल रजिस्टर निघालं, पिवळं, कडा खाल्लेल्या, शाईनं लिहिलेलं, हेडमास्तरांनी बोट फिरवत फिरवत नाव काढलं आणि त्याच्या वडिलांनी दोन्ही हात जोडले, देवळात जोडतात तसे. जातीच्या रकान्यात पद्मसाळी लिहिलेलं, दाखल्यावर पद्मशाली. त्या एका अक्षरासाठी अॅफिडेव्हिट, वंशावळीचं वेगळं अॅफिडेव्हिट, तीन चकरा. पण अकरावीच्या दिवाळीत सुरू केलं होतं म्हणून बारावीच्या परीक्षेआधी हातात आलं. व्हॅलिडिटी आली नसेल तर अर्जाची पावती लावून तात्पुरतं पुढं जाता येतं, पण ठरलेल्या तारखेच्या आत मूळ कागद दिला नाही तर तुम्हाला ओपनमध्ये धरतात, आणि तेव्हा मेरिट नंबरची रांग एकदम लांब होते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मठिकाण आणि भारतीय हे दोन्ही लिहिलंय का ते बघा. आधारवरचं नाव, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच पाहिजे, नाहीतर पुढं शिष्यवृत्तीला महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर, अडतं.

फीबद्दल थोडक्यात. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि अॅडमिशन कॅपमधनं झालेली असेल तर. भाऊजींना हे माहीतच नव्हतं, ते टॉवेल कारखान्यातल्या पीएफचं गणित मांडून बसले होते. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतली तर ही माफी नाही, हे डोनेशनचे फोन येतात त्यांना पहिलं विचारा. टीएफडब्ल्यूएस म्हणून वेगळ्या ५ टक्के जादा जागा असतात, कुठल्याही जातीला, उत्पन्न ८ लाखांच्या आत, ट्यूशन फी माफ, पण कटऑफ वर जातो आणि नंतर ब्रँच बदलता येत नाही. त्यांचा चॉइस कोड वेगळा, शेवटी टी, तो वेगळा भरावा लागतो.

ज्यांना इंजिनिअरिंग करायचंच नाही त्यांनी एवढं सगळं वाचून घाबरू नये, बीएस्सी, बीकॉम, बीएला अजून कॉलेजच्या मेरिट लिस्टवर सरळ अॅडमिशन होते. फक्त बीसीए, बीबीएवाल्यांनी सावध राहा, २०२४ पासून त्यांची पण वेगळी सीईटी सुरू झालीय, ते निकालानंतर कळलं तर उशीर होतो.

भाचीला पहिल्या फेरीत पाच नंबरचं लागलं, बेटरमेंट घेतलं, दुसऱ्या फेरीत दोन नंबरचं. कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स, पण सोलापुरातच, घरनं डबा घेऊन जाते. पहिल्या तीनातलं असल्यानं ऑटो फ्रीझ झालं आणि कुणाला वाईट वाटलं नाही. पेढे मग भाऊजींनीच आणले.

काल शेजारच्या त्या पोराची आई आली होती. धाकटी आता अकरावीत गेलीय. हातात प्लास्टिकची फाइल, आत सासऱ्यांच्या शाळेचा तो उतारा. म्हणाल्या, भाऊ, हे लॅमिनेशन करून ठेवू का, फाटालंय कडेनं. मी म्हणलं, वहिनी, लॅमिनेशन अजिबात नको, शाळेत जाऊन अजून दोन शिक्क्याच्या कॉप्या काढून आणा, आणि तिच्या दादाची व्हॅलिडिटी त्याच्यावरच ठेवा.